मधली चित्रं

'मॉर्फ' हा शब्द हल्ली मराठी पेपरात सारखा दिसतो, आणि बहुतेक वेळा पोलिसांच्या बातमीत. कुणा मुलीचा चेहरा भलत्याच चित्राला जोडला, कर्ज देणाऱ्या कुठल्याशा ॲपवाल्यांनी वसुलीसाठी तसले फोटो नातेवाइकांना पाठवले, धमकी दिली, पैसे मागितले. वाचून अंगावर काटा येतो. (कुणाच्या बाबतीत असं झालंच तर घाबरून गप्प बसू नका आणि पैसेही देऊ नका. १९३० हा सायबर गुन्ह्यांसाठीचा हेल्पलाइन क्रमांक आहे, तो घरातल्या मुलींच्या फोनमध्ये असू द्या. मास्तरणीची सवय आहे, सांगितल्याशिवाय राहवत नाही.)

पण मंडळी, मला हा शब्द पहिल्यांदा भेटला तो फार गोड रूपात. आम्ही तुळजाभवानीच्या जिल्ह्यातली माणसं. रेड्याचा राक्षस होतो आणि राक्षसाचा रेडा, हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलेलो. महिषासुरमर्दिनीच्या कितीतरी जुन्या शिल्पांत रेड्याच्या मानेतून अर्धा बाहेर आलेला पुरुष दिसतो. धड रेडाही नाही आणि धड माणूसही नाही, अशा मधल्याच क्षणी शिल्पकाराने त्याला पकडलेलं असतं. रूप पालटताना जे 'मधलं' असतं, त्याची गंमत माणसाला फार पूर्वीपासून वाटत आली असावी.

तर सांगायचा मुद्दा असा, की नोकरीच्या शेवटच्या काही वर्षांत आम्हा शिक्षकांना एमएस-सीआयटी करावं लागलं. पन्नाशी उलटल्यावर मी माऊस धरायला शिकले. सुरुवातीला तो माऊस टेबलावरून इतका पळायचा की उंदीर हे नाव अगदी सार्थ वाटायचं. पुढे घरी जुना कॉम्प्युटर आला आणि पुण्याच्या भाच्याने पेनड्राइव्हवर काही प्रोग्रॅम आणून दिले. त्या काळात सगळीकडे चोरीच्या सीडी चालायच्या, म्हणून मी आधी विचारलं, "हे चोरीचं नाही ना रे?" तर म्हणाला, "नाही मावशी. ज्यांनी बनवलं त्यांनीच फुकट दिलंय."

त्यात एक होता 'स्क्विर्ल्झ मॉर्फ'. नाव अजूनही माझ्या जिभेवर नीट बसत नाही. त्याच जातीचा 'विनमॉर्फ' नावाचा आणखी एक प्रोग्रॅम, तोही फुकट. लिनक्सवाल्यांसाठी 'एक्समॉर्फ' होता. काम सगळ्यांचं एकच. दोन फोटो द्यायचे आणि एकाचा दुसरा होताना बघायचं. पद्धती मात्र थोड्या वेगळ्या. एकात चेहऱ्यावर ठिपके मांडायचे, एकात डोळ्या-ओठांभोवती रेषा ओढायच्या, एकात फोटोवर जाळी अंथरायची.

मला ठिपक्यांची पद्धत आवडली. रांगोळीची सवय! डावीकडच्या फोटोत डोळ्याच्या कोपऱ्यावर ठिपका दिला की उजवीकडच्या फोटोतही त्याच जागी ठिपका उमटतो. तो ओढून त्या चेहऱ्याच्या डोळ्याच्या कोपऱ्यावर नेऊन ठेवायचा. मग नाकाचा शेंडा, ओठांची टोकं, हनुवटी, कानाच्या पाळ्या, केसांची रेघ. चाळीस-पन्नास ठिपके झाले की मधे किती चित्रं हवीत ते सांगायचं आणि बटण दाबायचं. प्रोग्रॅम तेवढी चित्रं काढून त्यांची फिल्म करून देतो. आमच्याकडे तेव्हा दिवसातले कितीतरी तास भारनियमन असायचं. फिल्म बनत आली की वीज गेलीच म्हणून समजा. पुन्हा वीज आली की पुन्हा पहिल्यापासून.

नातेवाइकांना आठवत असेल. दादांच्या पंचाहत्तरीला मी त्यांच्या मॅट्रिकच्या फोटोपासून तेव्हाच्या फोटोपर्यंत आठ सेकंदांची फिल्म केली होती. काळे केस डोक्यावरून मागे सरकत जातात, गाल खाली उतरतात आणि मिशी आपोआप पांढरी होते. सगळे पोट धरून हसले होते. वहिनी तेवढ्या म्हणाल्या, "एवढ्या लवकर म्हातारे झालात होय?"

हे होतं कसं, ते समजून घ्यायची मला फार उत्सुकता होती. निघालं ते सातवीचं गणित. समजा, डाव्या फोटोत डोळा कडेपासून १०० ठिपक्यांवर आहे आणि उजव्या फोटोत १४० वर. मग पाव वाटेवरच्या चित्रात तो ११० वर असणार, अर्ध्या वाटेवर १२० वर आणि पाऊण वाटेवर १३० वर. दोन्ही फोटो रबरासारखे ताणून आधी त्या जागी आणायचे आणि मग एकाचा रंग कमी करत दुसऱ्याचा वाढवायचा, अर्ध्यावर निम्मा-निम्मा. ताणण्याची पायरी गाळून नुसते रंग मिसळले, तर मधे चार डोळ्यांचं आणि दोन नाकांचं भूत दिसतं. करून बघा, पोरांना फार आवडतं.

ताणण्याची ही कल्पना कॉम्प्युटरपेक्षा पुष्कळ जुनी आहे. डार्सी थॉम्पसन नावाच्या स्कॉटिश प्राणिशास्त्रज्ञाने १९१७ साली 'ऑन ग्रोथ अँड फॉर्म' हा ग्रंथ लिहिला. त्यात त्याने माशाच्या चित्रावर चौकोनी जाळी आखली, ती जाळी वाकवली आणि दाखवून दिलं की त्याच रेषांमधून निराळ्याच जातीचा मासा तयार होतो. सिनेमात हे तंत्र गाजलं १९८८ च्या 'विलो'पासून. नंतर १९९१ मध्ये मायकल जॅक्सनचं 'ब्लॅक ऑर व्हाइट' आलं. त्याच्या शेवटी निरनिराळ्या वंशांची माणसं गाता गाता एकमेकांत बदलत जातात. ते काम पॅसिफिक डेटा इमेजेस या कंपनीचं होतं. थॅडियस बायर आणि शॉन नीली यांनी १९९२ साली आपली पद्धत शोधनिबंधातून सगळ्यांपुढे मांडली. काही वर्षांपूर्वी जे मोठमोठ्या स्टुडिओंत चालायचं, ते धाराशिव जिल्ह्यातल्या एका मास्तरणीच्या टेबलावर फुकट येऊन बसलं. या गोष्टीचं मला आजही अप्रूप आहे.

असो. इतकी खटपट केल्यावर माझ्या डोक्यात एक प्रश्न राहिला. ही मधली चित्रं येतात कुठून?

आपल्याकडे याची दोन सुंदर उदाहरणं आहेत. पहिलं कल्याणच्या महादेवराव पटवर्धनांचं. १८९२ च्या सुमारास त्यांनी 'शांभरिक खरोलिका' नावाचे खेळ सुरू केले. काचेवर रंगवलेली चित्रं दिव्याच्या उजेडाने पडद्यावर पाडायची आणि एकामागून एक अशी बदलायची की त्यातली पात्रं हालचाल करताहेत असं प्रेक्षकांना वाटावं. हा झाला सिनेमा यायच्या आधीचा सिनेमा. तिथलं मधलं चित्र माणसाने मनात बघून, हाताने काढलेलं असे.

दुसरं दादासाहेब फाळक्यांचं. १९१२ साली विलायतेहून कॅमेरा आणल्यावर लोकांचा विश्वास बसावा आणि भांडवल मिळावं म्हणून त्यांनी एक छोटी फिल्म केली, 'अंकुराची वाढ'. कुंडीत वाटाणा पेरला आणि त्याच्यासमोर कॅमेरा ठेवून दिवसेंदिवस थोडं थोडं चित्रण केलं. कित्येक दिवसांची वाढ पडद्यावर मिनिट-दीड मिनिटात दिसली. 'राजा हरिश्चंद्र' त्यानंतर, १९१३ मध्ये आला. वाटाण्याच्या त्या फिल्ममधलं प्रत्येक मधलं चित्र खरं होतं. तो दिवस खरोखर उगवला होता, रोप त्या दिवशी तेवढंच होतं, आणि कुणीतरी तिथे थांबून ते पाहिलं होतं.

माझ्या प्रोग्रॅममधलं मधलं चित्र तिसऱ्या जातीचं. ते कुणी पाहिलेलं नसतं आणि कुणी कल्पिलेलंही नसतं. ते हिशोबाने येतं. दादांच्या फिल्ममध्ये चौथ्या सेकंदाला जो चाळिशीचा माणूस दिसतो, तसे दादा चाळिशीत मुळीच दिसत नव्हते. चाळिशीत ते टायफॉइडने हाडं-काडं झाले होते, हे आम्हा सगळ्यांना माहीत आहे. प्रोग्रॅमला कसं माहीत असणार? त्याला आम्ही दोनच टोकं दिली होती.

वाढदिवसाच्या फिल्ममध्ये याचं काही बिघडत नाही. पण एकदा माझ्याकडे याच प्रोग्रॅमचं निराळंच काम आलं.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, चार वाजायला चार मिनिटं कमी असताना, लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात भूकंप झाला. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं, माणसं दमून झोपलेली. आमच्याकडची जुनी घरं म्हणजे दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर मातीचं जड माळवद. ऊन लागू नये म्हणून बांधलेल्या त्या भिंतींनी आणि माळवदांनीच घात केला. हजारो माणसं गेली. मी तेव्हा उमरगा भागातल्या एका खेड्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर होते आणि राहायला उमरग्याला होते, म्हणून आज हे लिहिते आहे. गावाचं नाव लिहीत नाही. वर्गातली किती पटावरून कमी झाली, तेही लिहीत नाही.

घरं पडली तशी घरातले फोटोही गेले. मुळात खेड्यात फोटो असायचे किती? लग्नातला एखादा, जत्रेत पडद्यापुढे उभं राहून काढलेला एखादा. लहान पोरांचे तर नाहीतच. पण त्या वर्षीच्या २६ जानेवारीला उमरग्याच्या फोटोग्राफरला बोलावून आम्ही पाचवीचा ग्रुप फोटो काढला होता आणि त्याची एक प्रत माझ्या घरी होती. कितीतरी घरांसाठी त्यांच्या लेकराचा जगातला एकमेव फोटो म्हणजे तो. मोठ्या कागदावर चाळीस पोरं, एकेक चेहरा शेंगदाण्याएवढा.

मी निवृत्त झाले, त्या वर्षी माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. भूकंपाच्या रात्री तो शेतात जागलीला होता, म्हणून वाचला. त्याची आई ढिगाऱ्यातून निघाली. बहीण गेली. ती माझ्या फोटोत आहे, दुसऱ्या ओळीत डावीकडून तिसरी. मी असल्या फिल्मा करते हे त्याला कुणाकडून तरी कळलं होतं. म्हणाला, "बाई, ती आज असती तर सत्तावीस वर्षांची असती. आईला बघायचीय. एवढं करून द्या."

मी त्याला कॉम्प्युटरसमोर बसवलं आणि दोन रिकामे चौकोन दाखवले. एकात तुझी बहीण येईल, म्हटलं. दुसऱ्यात कोण? हा प्रोग्रॅम पुढचं सांगत नाही. दोन्ही टोकं आपण द्यायची, तो फक्त मधलं भरतो. तो जरा वेळ गप्प बसला आणि निघून गेला. पंधरा दिवसांनी पुन्हा आला तो आईचा तरुणपणीचा फोटो घेऊन. अक्कलकोटकडे तिच्या माहेरी भिंतीवर होता. मी म्हटलं, "बाबा, ही तुझी बहीण होणार नाही. ही वाट तुझ्या आईपर्यंतच जाईल." तो म्हणाला, "माहितीय बाई. तरी बी करा. आईला मी सांगितलंय."

शेंगदाण्याएवढा चेहरा स्कॅन करून मोठा केला की तो धुक्यात गेल्यासारखा होतो. डोळ्याचा कोपरा नेमका कुठे, हे माझं मलाच ठरवावं लागलं. ओठ मिटलेले होते, आणि ते का मिटलेले हे मला माहीत होतं. आट्यापाट्या खेळताना पडून तिचा पुढचा दात अर्धा तुटला होता. फोटोग्राफर हसा म्हणाला की ती ओठ आणखी घट्ट मिटायची. एकेक ठिपका उचलून आईच्या चेहऱ्यावर ठेवताना मी दोन संध्याकाळी घालवल्या. मुलांच्या वह्या तपासताना होतं तसं झालं. नजर लावून बसलं की लेकरू समोर येऊन उभं राहतं.

मग तो आईला घेऊन आला. तिने पदर सावरून खुर्चीच्या अगदी टोकावर बसून ती फिल्म दोनदा पाहिली. तिसऱ्यांदा लावायला गेले तर म्हणाली, "ऱ्हाऊ द्या बाई. मधी मधी पोरगी दिसायलीय, पण जायली माझ्याकडंच की. तिचं नाक आत्यावर गेलतं." मग म्हणाली, "पयलं चित्र लावून ठिवा."

मी पहिलं चित्र लावून ठेवलं. धुकट, मिटल्या ओठांचं. ती पुष्कळ वेळ बघत बसली. जाताना तेवढंच मागितलं. मी ते छापून दिलं.

त्या बाईने एका वाक्यात जे सांगितलं, ते मला एवढ्या खटपटीत इतकं लख्ख कळलं नव्हतं. आपण ज्याला टोक म्हणून धरतो, तिकडेच मधलं सगळं ओढलं जातं. जिला पुढचं टोक मिळालंच नाही, तिचं मधलंही कुणाला काढता येत नाही. आणि त्या साध्या फुकट्या प्रोग्रॅमचा मला आदर वाटतो तो यासाठी, की त्याने ही गोष्ट लपवली नाही. दुसरा चौकोन रिकामा होता, तोवर तो पुढे सरकलाच नाही. त्याच्या फिल्ममधली प्रत्येक रेघ कुठल्या ठिपक्यावरून आली, ते मी बोट ठेवून दाखवू शकत होते.

आता तसं राहिलेलं नाही. गेल्या वर्षी त्याच विद्यार्थ्याने फोनवर मला एक चित्र पाठवलं. तोच ग्रुप फोटोतला चेहरा कुठल्याशा एआय ॲपमध्ये घातलेला आणि वय सांगितलेलं बेचाळीस. त्या ॲपला दुसरा फोटो लागलाच नाही. चित्र स्वच्छ, देखणं. कपाळाला टिकली, कानात कुड्या, नितळ कातडी, आणि तोंडभर हसू. सगळे दात शुभ्र आणि अख्खे. जगातल्या लाखो अनोळखी चेहऱ्यांवरून बेतलेली एक बाई. आमच्या पोरीचे त्यात डोळे होते, असं मला क्षणभर वाटलंही. खोटं कशाला बोलू, मी ते चित्र बराच वेळ बघत होते.

त्याने विचारलं होतं, "बाई, आईला दाखवू का?"

मोठाच प्रश्न होता. पेपरातल्या बातम्यांमध्ये दुसऱ्याचा चेहरा घेऊन त्याला छळतात. इथे हेतू मायेचा होता. पण चित्र तयार करणारं यंत्र तेच, आणि पाहणाऱ्याला ते खरंच वाटणार, हेही तेच. म्हाताऱ्या माणसाच्या मनात एकदा एक चेहरा बसला की जुना धुकट चेहरा त्याच्यामागे झाकला जाणार नाही, याची खात्री कोण देणार? आणि दुसरीकडे, त्या माउलीला काय पाहावंसं वाटतं हे मी कोण ठरवणार? मी त्याला लिहिलं, "आधी सांग, मग दाखव. हे मशीनने मनाने काढलंय हे आधी सांग. आणि दाखवलंस तर शेजारी माझा फोटो ठेव."

आठवड्याने त्याचा फोन आला. त्याने तसंच सांगितलं होतं. आईने फक्त एवढंच विचारलं, "दात तसाच हाय का?" तो नाही म्हणाला. तेव्हा तिने चित्र पाहिलं नाही. त्यावर त्याने काही जोडलं नाही आणि मीही काही विचारलं नाही.

जाता जाता गृहपाठ. (सुटका नाही!) घरातले जुने फोटो बाहेर काढा. मागच्या बाजूला पेन्सिलने हलक्या हाताने नावं, गाव आणि साल लिहा. कोण कुणाचं हे ज्यांना माहीत आहे ती माणसं अजून आहेत तोवर लिहा. फोटो फोनमध्ये असतील तर फाईलला नाव द्या. आणि मुलांचे वाढदिवसाचेच तेवढे फोटो काढू नका. एखाद्या साध्या मंगळवारी, दप्तर टाकून जेवायला बसलेले, दात पडलेले असेही काढा. एखादं पोर हसताना ओठ मिटत असेल तर का मिटतं, तेही लिहून ठेवा.